आठ भांडी

सज्जनहो, अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या एका थोर शेतकऱ्याच्या अंत्यविधीस आमच्या चर्चमंडळीने दाखविलेले औदार्य येथे यथातथ्य निवेदन करीत आहे.

वेंडेल ओस्टरकँप आपला मका उभा ठेवून चर्चमधल्या आजारी शेजाऱ्यांचा मका आधी काढून देई, आणि पत्नी डोरीनने रांधलेले जेवणही काचेचे भांडे भरून त्यांच्या घरी पोहोचवी. पुढे तो स्वतः सात महिने अंथरुणास खिळला. डोरीन रोज दाराकडे पाही. चर्चमधले कोणीही फिरकले नाही.

अंत्यविधीच्या दिवशी मात्र चर्चच्या तळघरातले जेवणाचे दालन माणसांनी ओसंडले.

"रिकाम्या हाताने यायला आम्ही काय परक्या आहोत, डोरीन?" असे म्हणत बायकांनी बटाटे आणि चीजने भरलेली आठ काचेची भांडी मांडली.

"वेंडेल म्हणजे आमचा सख्खा भाऊच गं!"

पाद्रीसाहेबांनी या प्रेमाबद्दल देवाचे आभार मानले.

जेवून मंडळी पांगली. भांडी घासण्यास डोरीनच उरली. ज्याचे त्यास परत करावे म्हणून, बुडाला चिकटपट्टीवर लिहिलेले मालकिणीचे नाव वाचण्यास तिने एकेक भांडे पालथे केले.



आठही भांड्यांवर तिचेच नाव होते.

— त्यांतील एक भांडे ज्याच्या घरून आले तो, ऑर्विल टेगन. आपण वाचलेत, आभारी आहे.