दात्याची संमती

मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावर, यकृतविभागाच्या खोलीत दोघे भाऊ आणि थोरल्याची एकुलती एक मुलगी डॉक्टरांची वाट पाहत बसली होती.

साथीच्या तापात दोघेही भाऊ महिनाभर अतिदक्षता विभागात मृत्यूशी झुंजले होते. धाकटा सावरून कामाला लागला. थोरल्याच्या पित्तनलिका मात्र तापानंतर व्रण पडून बुजत गेल्या. यकृत बदलण्यावाचून गत्यंतर उरले नाही. मुलीचे यकृत जुळत होते; त्याचा तुकडा आयुष्यात एकदाच देता येतो. तेवढ्यात धाकटा आपण होऊन पुढे आला आणि पोरीला चाकू लागणार नाही म्हणून थोरल्याने सुटकेचा निःश्वास टाकला.

धाकट्याने तपासण्या तीनदा पुढे ढकलल्या, त्या काल एकदाच्या उरकल्या. शस्त्रक्रिया उद्या, त्यापुढे थांबणे अशक्य होते.

तो तळहात खाजवत होता.

"काका, हात शिवशिवताहेत वाटतं?" पुतणी म्हणाली. "बाबांना दोन ठेवून द्यायच्या तर आजच द्या. उद्यापासून ते तुमच्याच जिवावर उड्या मारणार."

थोरला हसला. "तुझे उपकार कसे फेडू रे?"

डॉक्टर कागद घेऊन आत आले. धाकट्याने त्यांना बोलूच दिले नाही. तीन आठवडे त्याने हे वाक्य घासूनपुसून ठेवले होते.

"दादा, मी यकृत देणार नाही."

"अरे, काय बोलतोस?"

"साथीत माझी बायको दारात धापा टाकत होती. गाडी मागितली, तर तू खिडकीतून म्हणालास, कालच धुऊन घेतली आहे. दुसरी गाडी मिळेपर्यंत ती गेली."

"भ्यालो होतो रे मी."

"आता पोरीला झोपव शेजारच्या टेबलावर. शुद्धीवर येताच तू तिचंच विचारशील. उत्तर यायला जेवढा वेळ लागेल, तेवढाच माझा सूड."

"नको गं," थोरला कळवळला. पण मुलीने डॉक्टरांच्या हातून संमतिपत्र ओढून सही ठोकली होती.

"बाबा, तुम्ही गप्प बसा."

धाकटा समाधानाने उठला.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "तुमचाच अहवाल सांगायला आलो होतो. तुमच्याही पित्तनलिका तशाच बुजल्या आहेत; तळहाताची ही खाज त्याचीच. तुम्हालाही यकृत बदलावं लागेल. तुम्हाला जुळणारं घरात एकच आहे, आणि ते उद्या तुमच्या दादांना बसणार."