आठवी गोळी

टेबलावर एक पिस्तूल, एक मॅगझिन, एक नोंदवही आणि सात गोळ्या होत्या. नोंदवहीत गोळ्या आठ होत्या.

बँकेच्या पहारेकऱ्याने त्या उभ्या मांडून मोजल्या, आडव्या मांडून मोजल्या. सातच.

अकरा वर्षांपूर्वी आधीच्या पहारेकऱ्याने भरलेलं पिस्तूल हाती दिलं होतं आणि याने गोळ्या न मोजताच सही ठोकली होती. भरलेल्या हत्याराची त्याला धास्ती. त्याच दिवशी मॅगझिन काढून त्याने गोळ्या डब्यात घातल्या, तेव्हाही सातच निघाल्या. विचारायला जावं, तर तो माणूस गाव सोडून गेलेला. रिकामं मॅगझिन परत बसवून याने विषय संपवला.

तेव्हापासून पिस्तुलाने बँकेची बरीच सेवा केली. कॅशियरबाईंचे अक्रोड त्याच्या मुठीने फुटत. कॅलेंडरचा खिळा त्यानेच ठोकला जाई. पाठीला खाज सुटली की नळी कॉलरमधून आत जाई.

आता पहिल्यांदाच तपासणी येणार होती. गोळ्यांचा हिशेब चुकला तर नोकरी जाईल, असं परिपत्रकात ठळक छापलं होतं. निवृत्तीला पाच महिने उरले होते.

बायकोने तिच्या भावाचं नाव काढलं. मेव्हणा दुसऱ्या बँकेत पहारेकरी, पिस्तूल त्याच जातीचं, तपासणी नुकतीच उरकलेली. त्याने तासभर बौद्धिक घेतलं आणि मग रुमालात बांधून एक गोळी दिली.

"दाजी, तुम्हाला पिस्तूल सांभाळायला दिलंय, अक्रोड नाही. उद्या संध्याकाळी परत आणा."

दुसऱ्या दिवशी तपासनीस बाईंनी गोळ्या मोजल्या. आठ. बरोबरची खूण केली. पहारेकऱ्याच्या जिवात जीव आला. त्याने सगळ्यांना चहा सांगितला.

"काका, आता पिस्तूल रिकामं आहे का, ते तपासून दाखवा."

"रिकामंच आहे, मॅडम. अकरा वर्षं मीच वापरतोय."

"म्हणूनच दाखवा."

त्याने नळी वाळूच्या बादलीकडे धरली, बोट घोड्यापासून लांब ठेवलं. मॅगझिन काढून, लग्नातला आहेर दाखवावा तसं सगळ्यांना दाखवलं. रिकामं.

"आता वरचा भाग मागे ओढा."

"तो जरा घट्ट आहे. कधी ओढायची वेळच आली नाही."

"ओढा."

त्याने दात-ओठ खाऊन ओढला. पिस्तुलाच्या आतून पितळेचं काहीतरी उडालं आणि कॅशियरबाईंच्या बशीत, अक्रोडाच्या टरफलांवर खणकन पडलं. कॅशियरबाईंनी हातातला अक्रोड हळूच खाली ठेवला. पहारेकऱ्याचा हात आपोआप पाठीकडे गेला.

तपासनीस बाईंनी बशीतली गोळी पुसून बाकीच्यांच्या रांगेत उभी केली. डावीकडून मोजलं, उजवीकडून मोजलं. मग बरोबरची खूण खोडून शेजारी लिहिलं :

नोंदवहीत आठ. प्रत्यक्षात नऊ.