उष्टी क्लिप

ऑपरेशन थिएटरबाहेर इक्रा ओढणीचं टोक पिळत बसली होती. आत तिची अम्मी होती.

"नवी क्लिप नको गं, तुझी हसून झालेली, उष्टी दे," ती शेजारी बसलेल्या शर्वाणीला म्हणाली.

उष्ट्या क्लिपसोबत पाठवणाऱ्याचं हसूही जायचं, त्याच्याकडे उरायचंच नाही. शर्वाणीने मोबाईलवरून सगळ्यांत लाडकी क्लिप पाठवली: म्हशीवरून पडणारा नवरदेव. चौथीपासून ती त्यावर हसत आली होती.

इक्रा आधी खुदकन हसली, मग अगदी शर्वाणीसारखी, नाकातून फुर्रफुर्र आवाज काढत. ओढणी हातातून सुटली.

शर्वाणीनेही क्लिप पाहिली. "बिचाऱ्याला केवढं लागलं असेल."

इक्रा चपापली. "वेडे, हीच दिलीस? घे परत."

"अम्मी बाहेर येऊ दे आधी," शर्वाणी म्हणाली. "तोवर तू हस."