छापील पुरावा

"फोनवरचं बोलणं अहवालात संदर्भ म्हणून चालत नाही," सर म्हणाले. "छापून आलेलं काही असेल तर दाखव."

तसं काही नव्हतं. युद्धाच्या तोंडावर असलेल्या शहरातून आपल्या नर्सना आत्ताच परत आणावं का, असं तिथल्या आपल्या दूतावासाने सरांच्या हाताखालच्या आमच्या अभ्यासगटाला विचारलं होतं. मी तिथल्या हॉस्पिटलमधल्या अकराही जणींना फोन केले होते. "ताई, तोफांचा आवाज रोज जवळ येतोय. आम्हाला इथून काढा," त्यातली एक रडत म्हणाली होती.

मी त्या फोनवरच्या बोलण्याचं पान काढून टाकलं. अहवालात उरलं, 'तूर्त घाई नको.' दूतावासाने ते मानलं.

नवव्या दिवशी हॉस्पिटलवर बॉम्ब पडला. पेपरातल्या मृतांच्या यादीत अकराही नावं होती.

मी कात्रण सरांच्या टेबलावर ठेवलं.

"छापून आलंय, सर. आता चालेल?"