कमरेचा दोर

"आक्कासाहेब, अंग सैल सोडा," कमरेला ट्रॅक्शनचा पट्टा बांधत फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली. "अशी लाकडासारखी ताठ कंबर यंत्रानं कशी ओढायची? मणक्यातली सरकलेली गादी जागेवर आली नाही, तर ऑपरेशनच."

"सैल सोडणं आमच्या घराण्यात नाही," आक्कासाहेबांनी सुनावलं. तरी ऑपरेशनच्या धास्तीनं त्यांनी डोळे मिटले.

पट्ट्याची ती मिठी ओळखीची वाटली. फार वर्षांपूर्वी वडिलांनी असाच दोर त्यांच्या कमरेला बांधून, पाठीवर सुका भोपळा अडकवून त्यांना मळ्यातल्या विहिरीत सोडलं होतं. हिरवं, गार पाणी. काठावरून वडील हसत म्हणत होते, "हातपाय कशाला झाडतेस, पोरी? दोर माझ्या हातात आहे. पाण्यावर नुसती पड."

त्या पडल्या. पाण्यानं त्यांना अलगद उचललं. पारव्यांची सावली तोंडावरून फिरली. कमरेपासून पोटरीपर्यंतचा ठणका हळूहळू विरघळत गेला.

"बरं ओढतं गं तुझं यंत्र," डोळे न उघडताच त्या पुटपुटल्या.

"यंत्र अजून कुठे सुरू केलंय, आक्कासाहेब?" मुलगी हळूच म्हणाली. "तुमची कंबर सैल व्हायची वाट बघत होते. आता करते."