पेंडीचे हात

चारा छावणीत दोन दिवस पाण्याचा टँकर फिरकला नव्हता. जालिंदरनं म्हशीला दूध सोसायटीची पेंड कालवली, हात पायजम्याला पुसले अन् लेकीला भाकरीचे घास भरवले. तिसऱ्याच घासाला तिचे ओठ टरारून सुजले, श्वास शिट्टीसारखा वाजू लागला. “शेंगदाणा कुणी दिला हिला?” बायकोचा आवाज फाटला. डॉक्टरांनी बजावल्यापासून दोन वर्षं घरात शेंगदाण्याचा कणही शिरला नव्हता. जालिंदरची नजर नखांवर गेली. पेंड शेंगदाण्याचीच होती. बायकोनं पिशवीतलं तातडीचं इंजेक्शन त्याच्यापुढं धरलं. “टोचा लवकर. थांबू नका म्हणलेते डॉक्टर.” “तूच टोच. माझ्या हाताला पेंड हाय.” तिनं पोरीच्या मांडीत सुई खुपसली. गेवराईच्या दवाखान्याकडं जीप सुटली, तसा पोरीचा श्वास जरा मोकळा झाला. “आबा, हात धरा की.” जालिंदरनं दोन्ही हात पाठीमागं लपवले.