गरम बॉनेट

मामाने बॉनेटवर तळहात ठेवला आणि लगेच उचलला.

"गरम आहे."

समोर दोन दारांची, बुटकी, लाल स्पोर्ट्स कार. वय बत्तीस, म्हणजे भाच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. तीन आठवडे तो झोपेतसुद्धा हिचेच गिअर टाकत होता. विसाराचं पाकीट खिशात होतं. फक्त मामाने मान हलवायची बाकी होती. मामा मेकॅनिक. मामा नको म्हणाला की आईपण नको म्हणणार. विषय संपला.

आणि मामाचा नियम एकच. जुनी गाडी बघायला सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी जायचं. इंजिन थंडच सापडलं पाहिजे. म्हाताऱ्या इंजिनाची दुखणी थंड असतानाच बाहेर येतात. चेन ढिली असली तर पहिली दोन मिनिटं खडखडते. ऑइल आत गळत असलं तर पहिला धूर निळा येतो. मालकाने आधीच गाडी तापवून ठेवली की सगळं झाकलं जातं.

"डॉक्टर, सकाळी चालू केली होती का?"

"छे! आठ दिवस हात लावला नाही. मी तर आत्ता फिरून येतोय."

डॉक्टर दातांचे. आता निवृत्त. गॅरेजमध्ये शिरताना मान वाकवावी लागेल एवढे उंच. गाडीची त्यांनी पेशंटसारखी फाइल ठेवली होती. हेड गॅस्केट दोनदा बदललं. ऑइल पितं, दर महिन्याला बघावं. शेवटची नोंद लाल शाईत: थंड असताना सुरू व्हायला फार रडवते, आठ-दहा वेळा किल्ली मारावी लागते.

"मामा, एवढं लिहून देणारा माणूस खोटं कशाला बोलेल?" भाचा पुटपुटला.

"मोठं दुखणं लपवायला असली चार सांगतात. तू गप्प बस."

भाचा गप्प बसला, पण गाडीत. निदान एकदा तरी बसून घेऊ म्हणून. बसताना दोन्ही गुडघे स्टिअरिंगवर आपटले. त्याने खालचा दांडा ओढून सीट पार मागे ढकलली, तेव्हा कुठे पाय मावले. आतून गाडी मस्त होती. पेट्रोलचा, जुन्या चामड्याचा वास. आणि कसल्यातरी तेलाचा, पण ते इंजिनाचं नव्हतं. केसांचं असावं.

"विकताय कशाला मग?" मामाने विचारलं.

"नवीन घराला पार्किंग एकच आहे. तिथे बायकोची गाडी लागेल. ही पडली तिची सवत." डॉक्टर हसले, पण अर्धवटच. "माझे सगळे रविवार हिच्याखाली गेले. बायकोने शिव्या घातल्या, पण हिच्यात पाय ठेवला नाही कधी."

तेवढ्यात काकू चहाचा ट्रे घेऊन आल्या. डॉक्टरांच्या खांद्यापर्यंतसुद्धा पोचत नव्हत्या. केस विस्कटलेले, दम लागलेला.

"तुम्ही फार लवकर आलात," त्या म्हणाल्या. तक्रारच केली जवळजवळ.

मामाने चहाला हात लावला नाही.

"डॉक्टर, आठ दिवस बंद असलेलं इंजिन काय लाजून गरम होतं? चल रे, उतर खाली."

डॉक्टरांचे कान लाल झाले.

"चाळीस वर्षं लोकांनी माझ्यापुढे तोंड उघडलंय. एकालाही खोटं सांगितलं नाही मी. दुखणार असेल तर दुखेल म्हणालो."

"मग हे बॉनेट खोटं बोलतंय?"

डॉक्टरांनी स्वतः बॉनेटवर हात ठेवला. काढला. परत ठेवला. एवढा उंच माणूस, पण भाच्याला एकदम लहान वाटला.

काकूंनी ट्रे जुन्या टायरवर ठेवला.

"चोक अर्धाच ओढायचा," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळेना.

"आणि अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावायचा नाही. तुम्ही दाबत बसता, म्हणून पेट्रोल जास्त होतं आणि ती रुसते. माझ्याकडे पहिल्या किल्लीला सुरू होते."

मामाची मान आपोआप हलली. निदान बरोबर होतं.

"तुझ्याकडे?" डॉक्टर म्हणाले. "तुझ्याकडे कधी?"

"तुम्ही फिरायला जाता तेव्हा. दोन वर्षं झाली. आधी एवढ्या शिव्या घातल्या, मग कुठल्या तोंडाने सांगू?"

डॉक्टर आधी बायकोकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग परत बायकोकडे. आणि हसायला लागले ते थांबेचनात. मामाने चहाचा कप उचलला. भाच्याने पाकीट खिशात आणखी खोल ढकललं. वाईट वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तो गाडीतून उतरायला लागला, तर काकू दारात आडव्या आल्या.

"सीट तू मागे घेतलीस ना? घे बघू परत पुढे. माझे पाय पोचत नाहीत."